पट्टीवरची रेघ आणि वाडीची विहीर

पाऊस लागला की पहाटेच्या फोनला अजूनही मी पहिल्याच रिंगला उठतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि शेवटची नऊ वर्षे एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाली. निवृत्तीचा आदेश हातात पडून चार वर्षे होत आली, पण जुलै महिना अजून अंगातून गेलेला नाही. गेल्या आठवड्यात असाच सकाळी सहाच्या सुमाराला फोन वाजला. शेजारच्या गावातली आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, होती. कुठल्याशा प्रशिक्षणात तिने कॉलऱ्याच्या झटपट तपासणीची पट्टी पाहिली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता : "काका, ती पट्टी माझ्या पिशवीत असली, तर कुणाला कॉलरा आहे नि कुणाला नाही, ते मला घरातच कळेल ना?"

फोनवर मी तिला जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. या पट्टीने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडलेले आहे आणि एकदा एका वाडीचे तीन दिवस वाचवून दिलेले आहेत. दोन्ही प्रसंग सांगितल्याशिवाय तिच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो. गावांची नावे आणि साल मुद्दाम देत नाही. कोकणात एखाद्या वाडीला हा आजार नावानिशी चिकटला, की पुढे मुलीचे स्थळ पाहतानासुद्धा लोक तिथल्या पाण्याची चौकशी करतात.

आजाराच्या नावाचीच गोष्ट आधी सांगतो. आमच्या आजीच्या तोंडी 'पटकी' हा शब्द होता आणि तो उच्चारताना ती आवाज खाली आणत असे. गावोगावच्या जरीमरीला जे नवस बोलले गेले, त्यांच्यामागे याच आजाराची भीती होती. कागदावर त्याला कॉलरा म्हणतात आणि बोलताना सगळे 'गॅस्ट्रो' म्हणतात. हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात शिळ्या कालवणापासून विषाणूपर्यंत सगळे काही मावते आणि कुणाच्याही विहिरीकडे बोट दाखवावे लागत नाही. "रिपोर्ट आल्याशिवाय तो शब्द लिहू नका, पुढे गणपती आहेत," असे मला एका वरिष्ठांनी एकदा स्पष्टच बजावले होते. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते, कारण पुराव्याशिवाय तो शब्द लिहिणे खरोखरच चुकीचे आहे; पण पुरावा हाती यायला तीन दिवस लागत होते आणि पाणी तीन दिवस थांबत नव्हते.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याचे अस्तर पोखरून रक्तात शिरत नाही. तो अस्तराला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो, ज्याच्यामुळे शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात अक्षरशः ओतले जातात. हे विष असते हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे या संशोधकांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात जंतू गाळून काढलेला द्रव घालून दाखवून दिले. त्या जुलाबाचे वर्णन कोकणातल्या माणसाला करून सांगावे लागत नाही. पेज निवळत ठेवली की वर जे पांढुरके पाणी राहते, तसे ते दिसतात. तीव्र आजारात तासाला लिटरभरापर्यंत पाणी जाऊ शकते. उपचार मिळाले नाहीत तर अशा तीव्र रुग्णांपैकी निम्मे दगावू शकतात आणि वेळेवर मिळाले तर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. हे उपचार तपासणीच्या अहवालावर मुळीच अवलंबून नसतात. डोळे किती खोल गेले आहेत, चिमटीत धरलेली कातडी किती सावकाश खाली बसते, नाडी लागते की नाही, एवढे पाहून जलसंजीवनी द्यायची की सलाइन लावायचे हे ठरते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनचा साठा संपत आला तेव्हा दिलीप महालनबीस या डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, तेव्हा आमच्या जुन्या रुग्णालयात त्याची फारशी चर्चा झाली नाही, याची मला खंत वाटली. जलसंजीवनीचे पाकीट आम्ही रोज वाटत होतो.

आता खुद्द तपासणीकडे वळतो. जुनी आणि आजही अंतिम मानली जाणारी पद्धत म्हणजे संवर्धन, ज्याला आम्ही सगळे 'कल्चर'च म्हणतो. शौचाच्या नमुन्यात कापसाची काडी बुडवायची, ती कॅरी-ब्लेअर नावाच्या निमघट्ट माध्यमाच्या नळीत खुपसायची आणि नळी जिल्ह्याला पाठवायची. या नळीचे एक वैशिष्ट्य असे की तिला थंडावा लागत नाही, किंबहुना तो तिला नकोच असतो, कारण हा जंतू साध्या तापमानाला या माध्यमात कितीतरी दिवस तग धरतो आणि बर्फात मात्र त्याचे हाल होतात. आमच्या रुग्णवाहिकेचा चालक मोठा कर्तव्यदक्ष होता. लसी नेताना बर्फ लागतो हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असल्यामुळे तो दर वेळी माझी नळी मोठ्या मायेने लसीच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवत असे. ती सवय मोडायला मला दोन पावसाळे लागले. नळी प्रयोगशाळेत पोचल्यावर नमुना टीसीबीएस नावाच्या हिरव्या माध्यमावर पसरतात. अठरा ते चोवीस तासांनी त्या हिरव्यावर पिवळे चकचकीत ठिपके आले, तर पुढच्या चाचण्या करायच्या आणि शेवटी जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रतिद्रव्याच्या थेंबात तो जंतू गोळा होतो का ते पाहायचे. त्यावरून तो ओ१ गटाचा की ओ१३९ गटाचा आणि ओ१ असेल तर ओगावा की इनाबा या पोटप्रकारातला, हे ठरते. कोणत्या औषधाला तो दाद देतो हेही याच मार्गाने कळते. यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही, पण आमच्या खाडीकाठच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता, मध्ये आलेला रविवार आणि वीज हे सगळे धरून अहवाल हातात पडेपर्यंत तिसरा दिवस उजाडतोच.

झटपट तपासणी आमच्याकडे त्याआधीही होती, फक्त ती डोळ्यांनी करायची असे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका जुन्या तंत्रज्ञाने मला लटकत्या थेंबाची पद्धत शिकवली. नमुन्याचा थेंब काचेला उलटा लटकवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कॉलऱ्याचे जंतू चिलटांचा घोळका सैरावैरा धावावा तसे दिसतात आणि योग्य प्रतिद्रव्य घातले की एकदम जागच्या जागी थबकतात. पाहायला ते विलक्षण होते. पण त्याला सरावलेला डोळा, चांगला सूक्ष्मदर्शक आणि अखंड वीज लागत असे, आणि या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी, एकाच पहाटे मिळणे हा योगायोगच असे.

पट्टीने ही तीनही बंधने काढून टाकली. तिचे तत्त्व घरी करायच्या गर्भचाचणीचे आणि अलीकडे सगळ्यांना पाठ झालेल्या कोविडच्या चाचणीचेच आहे. कॉलऱ्याच्या जंतूच्या बाहेरच्या आवरणात एक विशिष्ट शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ असतो. पट्टीच्या खालच्या भागात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिद्रव्ये वाळवून ठेवलेली असतात. नमुन्यातला द्रव पट्टीवरून वर चढताना जंतूचा तो पदार्थ या कणांना पकडतो आणि वरच्या ठरावीक जागी दुसरी प्रतिद्रव्ये त्यांना अडवून धरतात. तिथे जी लालसर रेघ दिसते ती त्या सोन्याच्या कणांची. सगळ्यात वरची रेघ पट्टी नीट चालली एवढेच सांगते. ही कल्पना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आकाराला आली आणि 'क्रिस्टल व्हीसी' या नावाने तिच्या पट्ट्या बनू लागल्या त्या आपल्या शेजारच्या सुरतेत, ही गोष्ट मला नेहमी सुखावते. अशा पट्टीवर ओ१ आणि ओ१३९ अशा दोन्ही गटांसाठी वेगळी जागा असते. ओ१३९ हा गट १९९२ साली मद्रासमध्ये आणि पाठोपाठ बंगालमध्ये उगवला, त्याने काही वर्षे सर्वांची झोप उडवली आणि मग तो मागे पडला. माझ्या हातून गेलेल्या एकाही पट्टीवर त्याची रेघ उमटली नाही.

एवढे सुटसुटीत साधन हाती आल्यावर माणूस ज्या चुका करतो, त्यातली सगळ्यात मोठी मी केली. पट्ट्या आमच्या नियमित पुरवठ्यात नव्हत्या; एका प्रशिक्षणानंतर एक छोटे खोके मिळाले होते आणि मला ते वापरून पाहण्याची घाई झाली होती. ऑगस्टमध्ये एक तरुण मुलगा साध्या जुलाबाने आला. त्याला अशक्तपणा म्हणावा असाही नव्हता. मी पट्टी लावली आणि रेघ आली. मी ते डॉक्टरांना सांगितले, त्यांनी तालुक्याला कळवले आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी त्या वाडीतल्या बायकांच्या टोपल्यांतली मासळी कुणी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी कल्चर निरंक आले, पुन्हा पाठवलेला नमुनाही निरंक आला आणि वाडीत दुसरा रुग्ण निघालाच नाही. त्या मुलाच्या आईने मला बाजारात गाठून जे ऐकवले ते मी इथे लिहीत नाही, पण तिचे काही चुकले नव्हते.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि तो हिशोब आशाताईलाही समजावा म्हणून इथे मांडतो. समजा, पट्टी दहा खऱ्या रुग्णांपैकी नऊ पकडते आणि कॉलरा नसलेल्या दहांपैकी आठांना बरोबर सोडते. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. साथ नसताना जुलाबाचे १०० रुग्ण आले आणि त्यांपैकी ५ जणांनाच कॉलरा असला, तर खऱ्या रेघा चार-पाच येतील आणि उरलेल्या ९५ जणांत १९ खोट्या रेघा येतील. म्हणजे रेघ दिसलेल्या दर पाच जणांपैकी चार जणांना कॉलरा नसेल. तीच पट्टी, त्याच हाताने, १०० पैकी ६० जणांना कॉलरा असलेल्या वाडीत लावली, तर ५४ खऱ्या आणि केवळ ८ खोट्या रेघा येतील. पट्टी बदललेली नाही. तिच्याभोवतीची वाडी बदलली आहे. म्हणून एकट्यादुकट्या माणसावरची रेघ ही फार तर शंका असते. आणि एकाच वाडीतल्या, एकाच आठवड्यातल्या तीन जणांवर रेघ आली, तर तीनही खोट्या असण्याची शक्यता, वरचाच हिशोब धरला तर, सव्वाशेत एक एवढी खाली येते. कॉलरा नियंत्रणाच्या जागतिक कार्यदलाने साथ 'संभाव्य' म्हणण्यासाठी जी मोजणी सुचवली आहे, तिच्यामागे हेच तर्कशास्त्र आहे : थोड्या दिवसांत, एकाच भागात तपासलेल्या तीन ते सात जणांपैकी किमान तिघांची पट्टी होकारार्थी हवी.

उलट बाजूची फसगतही आहेच. रुग्णाने आधीच दुकानातून प्रतिजैविकाच्या कॅप्सूल घेतल्या असतील, किंवा जंतूंना खाणारे विषाणू, ज्यांना फाज म्हणतात, ते नमुन्यात भरपूर असतील, तर कॉलरा असूनही रेघ येत नाही. पट्टी उशिरा वाचली तर सुकताना भलतीच छटा दिसते. जुलैतल्या दमट हवेत पाकीट फोडून ठेवले तर पट्टी वापरण्याआधीच ओलावा धरते. जिथे मिठाच्या बरणीला आठवड्यात पाणी सुटते, तिथे ही गोष्ट वेगळी सांगायला नको. नमुना आधी आम्लारी पेप्टोनच्या पाण्यात सहा तास ठेवून, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूला त्याच्या आवडीच्या वातावरणात वाढू देऊन मग पट्टी लावली, तर खोट्या रेघा बऱ्याच कमी होतात. हे मी पुढे करू लागलो. पण त्यासाठी निदान छोटी प्रयोगशाळा हवी. आशाताईच्या पिशवीत ते मावणार नाही.

दुसरा प्रसंग आणखी चार वर्षांनी आला. जुलैचा मध्य होता. १ जूनपासून मासेमारी बंद असल्यामुळे खलाशी घरी होते आणि रात्री दीडच्या सुमाराला त्यांतलाच एकजण बायकोला रिक्षात घालून घेऊन आला. तिच्या हाताची बोटे दिवसभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतली होती आणि मनगटावर नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही हातांत रिंगर लॅक्टेटचे सलाइन सुरू केले आणि पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे ३० मिलिलिटर या हिशोबाने ते भराभर जाऊ दिले. पहाटे ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. ज्याने हे एकदा पाहिले आहे, त्याला या आजाराबद्दल निराश होता येत नाही. उजाडेपर्यंत तिची सासू आणि त्याच वाडीतले आणखी दोघे दाखल झाले होते.

वीज गेलेली होती. मी पूर्वेकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर चार नळ्या मांडल्या, प्रत्येकीत नमुन्याचे थेंब टाकले, पट्ट्या सोडल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. आधी लालसर ओल पट्टीभर चढली. मग वरची रेघ चारही ठिकाणी उमटली. खाली पहिल्या पट्टीवर गडद रेघ आली, दुसऱ्या पट्टीवरही गडद आली, तिसरीवर इतकी हलकी आली की पट्टी तिरपी धरल्यावरच दिसावी, आणि चौथीवर काहीच आले नाही. तिसरी पट्टी सासूबाईंची होती. सूचनापत्रक सांगते की रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच धरायची. मागच्या वेळचा मासळीबाजार डोळ्यांसमोर असल्यामुळे मी ती पट्टी परिचारिकेलाही दाखवली, तिलाही रेघ दिसली आणि मगच मी डॉक्टरांना सांगितले : "चारांपैकी तीन, एकाच वाडीतले." या वेळी मी 'कॉलरा' हा शब्द वापरला नाही. त्यांनीही फोनवर तो वापरला नाही. "पट्टीवर तीन आले आहेत, पथक आजच हवे," एवढेच ते म्हणाले. चारही नमुने कॅरी-ब्लेअरमध्ये घालून, बर्फाशिवाय, जिल्ह्याला रवाना केले.

सकाळी अकराला पथक वाडीत पोचले आणि सुटीचा दिवस असूनही मी त्याच्याबरोबर गेलो. आमच्याकडची जमीन जांभ्याची. पहिल्या पावसात तहानल्यासारखी पिते आणि महिन्याभरात तृप्त होऊन सगळे वर ओकते. जांभ्याच्या भेगांतून पाणी गाळले जात नाही, ते नुसते वाहते. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर त्याचा निचरा विहिरीतच होतो. त्यामुळे सगळ्यांचा संशय विहिरीवर होता, जी जुलैत काठोकाठ भरली होती आणि जिच्यातले तांबूस पाणी वाकून हंड्याने उचलता येत होते. आरोग्य सेवकाने विहिरीच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले. पिवळा रंग आला नाही; म्हणजे क्लोरीन नव्हते. पण चारही रुग्णांच्या घरी विचारल्यावर निराळेच निघाले. विहिरीचे पाणी वरच्या ओळीतली घरे भरत होती आणि तिथे कुणी आजारी नव्हते. आजारी माणसे सगळी खालच्या ओळीतली, नळावरची होती.

नळाला पाणी सकाळी चाळीस मिनिटे येई आणि उरलेला दिवस पाइप रिकामा असे. रिकामा पाइप ही मोठी वाईट गोष्ट आहे. पाणी बंद होताना तो बाहेरचे आत ओढतो. रस्त्याच्या कडेला केबलसाठी जेसीबीने चर मारला होता, त्यात एका जोडापाशी पाइप दुखावला होता आणि तो जोड भरलेल्या गटारात बुडालेला होता. जलसुरक्षकाने चिखलात हात घालून तो बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर कुणीतरी गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली. टीसीएलचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचे, पोते तपासले तर ते तोंड उघडेच ठेवल्यामुळे दमट होऊन त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला होता. दुपारपर्यंत तालुक्याहून नवे पोते आले, नळयोजना थांबवली, टँकर आणला, घरोघर पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरच्या, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाच्या, बाटल्या आणि जलसंजीवनीची पाकिटे गेली. पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचे, पेलाभर पाण्यात चिमूट टाकून नव्हे, हे सांगत त्या वाडीची आशाताई आणि आम्ही सगळे घरोघर हिंडलो. आजारी माणसाच्या घरातल्यांना आणि लगतच्या शेजाऱ्यांना पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त धोका असतो, कारण जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो. म्हणून त्या घरांत आम्ही रोज दोनदा गेलो. पुढच्या चार दिवसांत आणखी काही रुग्ण आले, एकही दगावला नाही आणि मग येणे थांबले.

जिल्ह्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला : गडद रेघांच्या दोन्ही नमुन्यांत ओ१ ओगावा, उरलेले दोन निरंक. तोपर्यंत जोड बदलून झाला होता आणि टाकीतले पाणी ओटीच्या थेंबाने पिवळे होऊ लागले होते. जुन्या रीतीने चाललो असतो, तर त्या संध्याकाळी आमचे काम सुरू झाले असते.

आता आशाताईचा प्रश्न. पिशवीत पट्टी असली तर समोरच्या माणसाला कॉलरा आहे की नाही हे तिला नक्की कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. त्याला जे द्यायचे ते पट्टीआधीच सुरू झालेले असले पाहिजे. जलसंजीवनी हाताशी नसेल तर मीठ घातलेली पातळ पेज सुरू करावी आणि माणसाला उपकेंद्राकडे हलवावे. लहान मूल असेल तर पुढे जस्ताच्या गोळ्याही असतात. पट्टीने तिला वाडीचे काय चालले आहे ते कळेल, पण त्यासाठी एकावर न थांबता तीन-चार जणांची तपासणी हवी, तारीख आणि घर यांची नोंद हवी आणि निष्कर्ष चव्हाट्यावर न जाता आधी डॉक्टरांकडे जायला हवा. साथ एकदा सिद्ध झाली की सरसकट सगळ्यांना पट्ट्या लावत बसू नये. कल्चर मात्र थांबवू नये, कारण औषध बदलायचे का हे पट्टी सांगत नाही. माझे मत विचाराल तर पट्ट्या आशांच्या पिशवीत देण्यापेक्षा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, जूनपासून गणपती होऊन चाकरमानी परत जाईपर्यंत, थोड्या का होईना पण खात्रीने असाव्यात. गणपतीत आमच्या वाड्यांतली माणसे दुपटीने वाढतात, पाण्याचा आणि शौचालयांचा ताण तेवढाच वाढतो आणि आलेला माणूस आठवड्याने आजार घेऊन मुंबईला परतू शकतो. जगातही आता हाच विचार होत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये मलावीपासून सुरुवात करून चौदा देशांना बारा लाखांहून जास्त पट्ट्या पुरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचा इतका तुटवडा पडला की २०२२ च्या ऑक्टोबरपासून साथीत दोनऐवजी एकच मात्रा देण्याची पाळी आली. मग ती कुठल्या गावाला द्यायची हे लवकर आणि बिनचूक कळणे किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

एक धागा राहिला. त्या फिकट रेघेचे काय? सासूबाईंनी रात्री आजार सुरू होताच दुकानातून आणलेल्या दोन कॅप्सूल गिळल्या होत्या, हे मला नंतर कळले. मेलेला जंतूही पट्टीवर रेघ उमटवतो आणि कल्चरमध्ये मात्र वाढत नाही; त्यामुळे रेघ खरी असून अहवाल निरंक आला असेल. किंवा रेघच खोटी असेल. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलीने 'फिकट' असे लिहिले होते आणि ते तसेच राहिले.

गणपतीनंतर त्या सुनेच्या तपासणीला तिच्याबरोबर आल्या, तेव्हा येताना केळीच्या पानात घावणे बांधून घेऊन आल्या होत्या. "माझा कसला होता हो, गॅस्ट्रो की दुसरा?" त्यांनी दाराशीच विचारले. मी त्यांना बसायला सांगितले आणि नळाचे पाणी आता कसे येते ते विचारले.

"पाणी येतो रोज," त्या म्हणाल्या, "पण मेला पावडरीचा वास मारतो."